दिवाडीचा देव नदीपार

जुन्या गोव्यांत व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट मांडवीच्या धक्क्यावर उतरतो. तेथें फेरीबोटींत स्कूटर चढवावी, म्हणजे थोड्याच वेळांत दिवाडी बेट लागतें. बेटास गाडीरस्त्याचा पूल नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्यास बोटीची वाट पाहावीच लागते. खाजणांतील भातशेतें आणि खारें पाणी अडविणारे बांध पाहत जातांना वाहनाचा वेग आपोआप मंदावतो. परंतु येथील शांतता अनादि आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

गोव्याच्या कदंब राजांचें कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर याच बेटावर होतें. या देवाच्या कृपेनें वर मिळाल्याचा उल्लेख ते राजे आपल्या सुवर्णनाण्यांवर अभिमानानें करीत. चौदाव्या शतकांत बहामनी अमलांत हें देवालय उद्ध्वस्त झालें. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचे माधवमंत्री यांनीं तें पुन्हां उभारलें. पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें पाडलें.

टेकडीवरील पिएदाद चर्चजवळ स्कूटर उभी करून दफनभूमींतील लहानसें चॅपल अवश्य पाहावें. तें एका जुन्या देवळाचा अवशेष होय, असें जाणकार मानतात. तेथून नार्व्याकडे वळलें, कीं कोटितीर्थाचा तलाव दिसतो. देव गेला, देऊळ गेलें. तीर्थ तेवढें जागेवर राहिलें.

नार्व्याच्या धक्क्यावरून दुसरी फेरी डिचोली तालुक्यांत नेते. त्या कांठावरील गांवाचें नांवही नार्वेंच. आज आपण हें पाणी कांहीं मिनिटांत ओलांडतों. सोळाव्या शतकांत तें दोन राज्यांमधील सीमा होतें. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. भक्तांनीं शिवलिंग गुप्तपणें पैलतीरीं नेलें, त्याचें कारण हेंच. फार दूर जाण्याचें प्रयोजन नव्हतें. राज्य बदललें, कीं पुरे होतें. तेथेंच शिवछत्रपतींनीं देवालयाचा जीर्णोद्धार करविला. दारावरील शिलालेखाची तिथि १३ नोव्हेंबर १६६८ शीं जुळते.

महाराष्ट्रांतून जाणारे यात्रिक बहुधा हा शिलालेख पाहून परततात. त्यांनीं अलीकडचा कांठही पाहावा, असें सुचवावेंसें वाटतें. देवामागोमाग कांहीं कुटुंबें गेलीं. कित्येक येथेंच राहून ख्रिस्ती झालीं. १६७६ सालीं याच बेटावर जन्मलेले पाद्री जाकोम गोन्साल्विस यांनीं पुढें सिलोनांत जाऊन सिंहली व तामिळ भाषांत ग्रंथरचना केली. गेलेले आणि राहिलेले, दोघांचेही पूर्वज एकाच तळ्याचें पाणी प्यालेले. एकाच कांठावर उभें राहून जो हा इतिहास वाचील, त्याच्या हातीं अर्धीच पोथी लागेल. आणि उरलेली अर्धी तर एका फेरीच्या अंतरावर आहे.