ताटी, वारा आणि पाणी

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत उन्हाचा ताव वाढू लागला की कूलरच्या ‘ताट्या’ बदलण्याची लगबग सुरू होते. यंत्राचे नाव इंग्रजी आहे. परंतु त्याच्या बाजूंवर बसविलेल्या ओल्या चौकटीस लोकांनी जुनाच शब्द दिला आहे. ताटी म्हणजे कामट्यांनी विणलेला आडोसा किंवा दार. मुक्ताबाईंच्या नावावरील ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द मराठी वाचकांस सुपरिचित आहे. बांबूने समृद्ध अशा या वनप्रदेशात बुरडाच्या हातची ताटी घरोघरी असावी, यात नवल नाही. नवल आहे ते हे की, शीतनाच्या शास्त्रातील एका मूलभूत प्रश्नाचा इतिहास या एका शब्दाभोवती गुंफलेला आढळतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये बांबूच्या चौकटींत वाळा भरून केलेल्या खोल्यांचे वर्णन केले आहे. वाळ्यावर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असा त्याच्या वर्णनाचा आशय आहे. पुढे इंग्रजी अमदानीत उत्तर व मध्य भारतातील बंगल्यांच्या दारांखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. हिंदीतील ‘टट्टी’ हा ताटीचा सजातीय शब्द. तोच इंग्रजीत ‘टॅटी’ होऊन १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोंदला गेला.

या ताटीत एक उणीव होती. बाहेर वारा पडला की आतील गारवाही संपे. १८३० च्या सुमारास निघालेल्या ‘थर्मँटिडोट’ नामक यंत्राने ती भरून काढली. हे यंत्र म्हणजे वस्तुतः धान्य उफणण्याचा पंखाच होय. तो खिडकीत बसवून त्याभोवती ओल्या ताट्या लावीत व हाताने फिरवीत. आजच्या कूलरची सारी अंगे त्यात होती. नव्हती ती केवळ वीज.

ताटी गार का होते, हे सर्वांस ठाऊक असते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ताटी लवकर गार कशी होते, हा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म आहे. कोणत्याही पृष्ठभागास लगटून हवेचा एक मंद थर असतो. उष्णतेला व बाष्पाला या थरातून अतिशय सावकाश वाट मिळते. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली या सीमास्तराची कल्पना मांडली. प्रवाह संक्षोभी झाला, म्हणजे त्यात भोवरे उठले, की ते बाहेरची हवा पृष्ठभागापाशी आणतात व हा मंद थर पातळ होतो. वाळ्याची वेडीवाकडी मुळे हेच कार्य करतात. ती ओला पृष्ठभाग वाढवितात आणि वाऱ्याला क्षणोक्षणी अडवून, वळवून हा थर पुनःपुन्हा मोडतात. सपाट ओल्या कापडापेक्षा मुळांची ताटी सरस ठरते, ती यामुळेच.

तथापि हा लाभ विनामूल्य नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ सालीच दाखविले होते की, जे भोवरे उष्णता वाहून नेतात तेच घर्षणही वाढवितात. १९५६ साली जर्मनीत नुन्नर यांनी खडबडीत नळ्यांवर केलेल्या प्रयोगांतही उष्णतावहनाबरोबर प्रवाहाचा रोध वाढलेला आढळला. ताटी फार दाट भरली की पंखा धापा टाकतो, हा कूलर दुरुस्त करणाऱ्याचा अनुभव याच नियमाचा आविष्कार होय. पावसाळी दमट हवेत तर उत्तम ताटीही निष्प्रभ ठरते, कारण तेथे बाष्पीभवनास वावच उरत नाही.

हीच कथा चंद्रपूरच्या महा औष्णिक विद्युत केंद्रात विराट प्रमाणावर दिसते. या केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. वाफ निववून तापलेले पाणी शीतन मनोऱ्यांत नेऊन त्याचे असंख्य थेंब व पापुद्रे करण्यात येतात आणि त्यांतून हवा वर खेळविली जाते. मनोऱ्यातील भरण ही एका परीने प्रचंड ताटीच होय. पण तिची तहानही तेवढीच प्रचंड असते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई जलाशयाचा साठा आटल्यामुळे केंद्रातील संच बंद ठेवण्याची पाळी आली. ज्या उन्हाळ्यात कूलरला विजेची सर्वाधिक गरज, त्याच उन्हाळ्यात वीज निर्माण करणाऱ्या ताटीला पाणी मिळेना.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. पृष्ठभाग अधिक वेगाने निवविण्याचा प्रत्येक उपाय हवेचा तो मंद थर मोडण्याचा उपाय असतो आणि त्याची किंमत कोणीतरी चुकवीत असते. बंगल्याच्या ताटीत ती पाणी शिंपडणाऱ्या व पंखा फिरविणाऱ्या चाकराच्या श्रमांतून चुकविली गेली, कूलरमध्ये विजेतून आणि मनोऱ्यांत नदीच्या पाण्यातून. अधिक कार्यक्षम भरण शोधणे हे अभियंत्यांचे काम. परंतु ती किंमत कोणावर पडते हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येणार नाही. लोकभाषेने ताटी हा शब्द टिकवून या साऱ्या स्थित्यंतरांची संगती लावून दिली आहे.