भयकथेच्या एकतीस पायऱ्या

दिवाळी अंकात भुताची गोष्ट नसली तर फराळाच्या ताटात चिवडा नसल्यासारखे वाटते. यंदा मी मात्र भूत न आणता भुताच्या गोष्टीचा सांगाडाच आणला आहे. वाचकांनी रागावू नये. सांगाडाही काही कमी भयप्रद नसतो!

हा सांगाडा प्रथम हाती लागला तो रशियात. व्लादिमीर प्रॉप हा गृहस्थ १८९५ साली पीटर्सबर्ग येथे जन्मला. शिक्षण आटोपल्यावर शाळेत रशियन आणि जर्मन शिकवू लागला. म्हणजे आमच्याच जातकुळीचा, शाळामास्तर! अफनास्येव याने गोळा केलेल्या लोककथांतून शंभर अद्भुतकथा घेऊन त्याने त्या सोलून पाहिल्या. राजपुत्र, चेटकीण, उडता घोडा ही सारी वरची वस्त्रे बाजूला केली, तेव्हा आत प्रत्येक कथेत तेच तेच व्यवहार त्याच क्रमाने घडत असलेले दिसले. त्याने ते मोजले, भरले एकतीस. सगळ्या पायऱ्या प्रत्येक कथेत असतीलच असे नाही, परंतु ज्या असतील त्यांचा क्रम ढळत नाही. हे पुस्तक १९२८ साली लेनिनग्राडला निघाले. ते इंग्रजीत येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मग मात्र फ्रान्समधील पंडितांनी ते उचलून धरले, काहींनी त्याच्याशी भांडणही मांडले, आणि पुढे तर विलायतेतील शाळांतून मुले स्वतः दोन मिनिटांचा भयपट तयार करून त्याला प्रॉपची कोष्टके लावू लागली.

या पायऱ्यांपैकी पहिल्या तीनच आज आपल्याला विशेष हव्यात. कोणीतरी घराबाहेर जाते; कोणीतरी मनाई करते; आणि मनाई मोडली जाते. यात नवल ते काय, असे आपल्याकडील कोणतीही आजी म्हणेल. वसा टाकला की विपत्ती आलीच, हे श्रावणातल्या कहाण्यांनी तिला केव्हाच शिकविलेले असते. आणि आपला वेताळ! राजाने बोलू नये ही अट. पण उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार ही दुसरी अट. मनाई पाळावी तरी मरण, मोडावी तरी प्रेत पुन्हा झाडावर. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ही कथा गुंफली. मनाईचा इतका कसून विचार केलेली दुसरी कथा मला तरी आढळलेली नाही.

आता थेट अमेरिकेतील मिशिगन राज्यात जाऊ. १९७८ साली तेथे सॅम रायमी नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्याने आपला भाऊ आणि भावाच्याच खोलीत राहणारा रॉब टॅपर्ट यांना घेऊन चित्रपट काढणाऱ्यांची मंडळी जमविली होती. शाळेपासूनचा मित्र ब्रूस कॅम्बेल नट म्हणून तयारच होता. शाळेतलीच एलेन सँडवाइस नायिका झाली. हौशी लोक घरच्या समारंभांसाठी वापरीत त्या सुपर-आठ फिल्मवर, सुमारे सोळाशे डॉलरांत, अर्ध्या तासाचा एक भयपट त्यांनी उभा केला. नाव ‘विदिन द वूड्स’.

कथा एवढीशीच. दोन जोडपी रानातल्या एकाकी घरात सुट्टीला येतात (पायरी पहिली). ब्रूसला त्या देशाच्या मूळ रहिवाशांची दफनभूमी सापडते. थडग्यांना हात लावला नाही तर भय नाही, असे तो स्वतःच सांगतो (पायरी दुसरी). आणि त्याच ब्रूसला तेथे एक खंजीर मिळतो, तो काही त्याच्याने ठेववत नाही (पायरी तिसरी). पुढे जे व्हायचे ते होते. ब्रूस मरतो, झपाटून उठतो आणि आपल्याच सोबत्यांवर तुटून पडतो.

प्रॉपचे नाव या मुलांनी ऐकलेले असो वा नसो, पायऱ्या कशा मोजून मापून पडल्या आहेत पाहा! पण खरी गंमत पुढे आहे. प्रॉपच्या कथेत मनाई करतो एक, ती मोडतो दुसरा, आणि दुष्टावा करतो तिसराच. येथे तिन्ही कामे एकट्या ब्रूसकडे. ज्याने ‘नको’ म्हटले त्यानेच हात घातला, आणि ज्याने हात घातला तोच राक्षस झाला. रक्षण करावयाच्या राजकन्येलाच शेवटी शस्त्र उचलावे लागते. प्रॉपच्या हिशेबात एका पात्राने अनेक कामे करण्यास हरकत नाही. परंतु प्रियकराचाच वेताळ झाला म्हणजे काय होते, त्याची नोंद त्या कोष्टकात कोठे करावी? आम्हा मास्तर लोकांना कोष्टके फार प्रिय. रकाने भरले की पाठ झाला असे वाटते. येथे रकाने भरतात आणि भीती मात्र बाहेरच उभी राहते.

दुसरीही एक गोष्ट त्या कोष्टकात मावत नाही. या मुलांच्या रानातले पिशाच दिसत नाही; पडद्यावर दिसते ते पिशाचाला जे दिसते ते. कॅमेराच जमिनीलगत झाडाझुडपांतून घराकडे धावत सुटतो, आणि प्रेक्षक आपसूक भुताच्या डोळ्यांनी आपल्या आवडत्या माणसांकडे पाहू लागतो. प्रॉपने कोण काय करतो ते मोजले. कोण पाहतो हे मोजण्याचे त्याला कारण पडले नाही. सांगणारा कोण आणि पाहणारा कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असे जेरार जेनेत या फ्रेंच पंडिताने १९७२ साली बजावले. ते ध्यानात घेतल्याखेरीज त्या धावत्या कॅमेऱ्याने अंगावर काटा का येतो, याचा उलगडा होत नाही.

हा छोटा चित्रपट पुढे भांडवल जमविण्यासाठी दाखविण्यात आला. डॉक्टर, दंतवैद्य, वकील अशा भल्या माणसांना रक्तपात दाखवून पैसे मागावयाचे, हे धाडस केवळ विशीतच सुचते! पैसे मिळाले, आणि १९७९ च्या अखेरीस टेनेसी राज्यातील मॉरिसटाउनच्या रानात ‘द ईव्हिल डेड’चे काम सुरू झाले. त्याचा पहिला खेळ १५ ऑक्टोबर १९८१ रोजी डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात झाला.

येथे त्यांनी दोन फेरफार केले. एलेन आणि ब्रूस यांची अदलाबदल झाली: या खेपेस ती आधी झपाटली जाते आणि तो, म्हणजे अ‍ॅश, अखेरपर्यंत टिकतो. दुसरे असे की मनाईच नाहीशी झाली. तळघरात टेप-रेकॉर्डर सापडतो, मुले सहज तो लावतात आणि ध्वनिमुद्रित मंत्रच पिशाचांना जागे करतात. ‘नको’ म्हणणारे कोणी उरलेलेच नाही. मला विचाराल तर हा फेरफार पहिल्याहून क्रूर आहे. वसा टाकला म्हणून विपत्ती आली, यात निदान न्याय तरी असतो. येथे वसा घेतलेलाच नव्हता.

आणि तरीही जुनी लोककथा आपला हक्क सोडीत नाही. प्रॉपच्या चौदाव्या पायरीवर नायकाला जादूची वस्तू लाभते. अ‍ॅशने प्रेयसीला दिलेला गळ्यातला हार शेवटी त्याच्याच कामी येतो; त्यानेच तो पिशाचांचा ग्रंथ ओढून आगीत लोटतो. भुते वितळून जातात. उजाडते. अ‍ॅश अंगणात येतो. आपल्या कहाणीत येथे नायक घरी परततो, नगरात गुढ्या उभारल्या जातात, आणि ऐकणारी मुले झोपेला आलेली असतात. प्रॉपच्या यादीतही विसावी पायरी हीच, परतण्याची. पण गावाकडे नेणारा पूल आदल्याच रात्री मोडलेला आहे, आणि मागच्या झाडीतून तो कॅमेरा पुन्हा निघाला आहे. घराच्या एका दारातून आत, दुसऱ्या दारातून बाहेर, अ‍ॅशच्या पाठीवर. तो वळून किंचाळतो, आणि चित्रपट तेथेच तुटतो.