एक आर, एक ठिपका

सातबाऱ्यावर शेताचं क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा. पश्चिम महाराष्ट्रातला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे जवळपास तेवढाच. आता जरा वर, आकाशात बघा. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह पृथ्वीचे फोटो काढतात आणि ते कुणालाही फुकट मिळतात. त्यांच्या सगळ्यात बारीक फोटोतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा दाखवतो. तलाठ्याच्या कागदावरचा एक आर आणि उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका, दोघांचं माप एकच.

हा निव्वळ योगायोग. पण नागपूरकडची शेतं कुणी, कशासाठी मोजली, हे बघायला तो बरा पडतो.

१८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरला जाताना वाटेत हिंगणघाटला जानेवारी १८२३ मध्ये तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या मोजणीत डोंगरांची शिखरं होती, मंदिरांची गोपुरं होती. शेत मात्र नव्हतं.

शेत नकाशावर आलं ते साऱ्यासाठी. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. पुढच्या काही वर्षांत गावोगावची शेतं मोजून ३० वर्षांसाठी सारा ठरला. शेतकऱ्याकडून वसूल करायचा आणि सरकारात भरायचा, हे काम मालगुजाराचं. ही मालगुजारी १९५१ मध्ये संपली. नकाशा मात्र राहिला. त्यावरची रेघ एकाच प्रश्नाचं उत्तर देत होती: या तुकड्याचे पैसे कोण देणार?

त्यानंतर नागपूर हे देशातल्या जमिनीच्या अभ्यासाचं मोठं ठिकाण झालं. १९७६ मध्ये मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय इथेच. १९८८ मध्ये महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथे सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताचा आयआरएस-१ए उपग्रह वर गेला. त्याच्या एका कॅमेऱ्यातला एक ठिपका ७२.५ मीटरचा होता. म्हणजे सव्वा एकराहून जास्त जमीन एकाच रंगात! त्यात तालुक्याचं पीक कळायचं, एकट्याचं शेत नाही.

आता ठिपका आरएवढा झाला आणि मशीन लर्निंग आलं. पद्धत समजायला सोपी आहे. माणसं फोटोवर हजारो शेतांच्या कडा हाताने आखतात. मॉडेल त्या बघून शिकतं आणि न पाहिलेल्या फोटोत कडा शोधतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मॉडेलला आधी फ्रान्समधली शेतं शिकवली, मग भारतातल्या १०,००० शेतांच्या हाताने आखलेल्या कडा दिल्या. कारण आपली शेतं लहान. सेंटिनेलच्या एका ठिपक्यात दोन-तीन फुटांचा धुरा दिसतच नाही.

मग मॉडेल धुरा ओळखतं कसा? अनेकदा पिकावरून. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, कापूस पुढे जानेवारीपर्यंत उभा असतो. शेजारी-शेजारी ही दोन पिकं असली, तर नोव्हेंबरच्या फोटोत हद्द ठळक दिसते. पण दोन्ही शेजाऱ्यांनी सोयाबीन पेरलं तर दोन शेतं एक होतात. एकानेच अर्ध्यात कापूस लावला तर त्याची दोन होतात. मॉडेलला पीक दिसतं, हक्क दिसत नाही. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरी चालणाऱ्या गावात ही रेघ कुणी मोबाईलवर पुरावा म्हणून दाखवली, तर काय होईल, ते सांगायला नको.

तरीही ही रेघ कामाची आहे, आणि ती पहिल्यांदाच वसूल करणाऱ्याऐवजी ट्रॅक्टर चालवणाऱ्याला उपयोगी पडू शकते. शेताचा आकार कळला की तास कोणत्या दिशेने घ्यावेत, वळणं किती कमी होतील, डिझेल किती वाचेल, याचा हिशेब करता येतो. लांब बाजूने तास घ्यायचे आणि शक्यतो उताराला आडवे, हे बैलाची तिफण धरणाऱ्यालाही माहीत होतं. संगणक तेच शंभर शेतांसाठी एका वेळी करतो.

खरी अडचण शेतात नाही, शेतापर्यंत जाण्यात आहे. मोठ्या हार्वेस्टरचा पुढचा भाग १२ ते १४ फूट रुंद असतो. कित्येक पांदण रस्ते अतिक्रमणाने बैलगाडीपुरतेही उरलेले नाहीत. कमीत कमी डिझेलचा मार्ग काढ, असं संगणकाला सांगितलं, तर तो रस्त्यालगतची मोठी शेतं आधी घेईल. आतल्या दोन एकरवाल्याचा नंबर शेवटी. तोवर ऑक्टोबरचा पाऊस आला किंवा वाळलेल्या शेंगा फुटल्या, तर नुकसान त्याचं. कुणाचं पीक आधी पिकलं, हा प्रश्नही गणितात घालावा लागतो, आणि तो माणसानेच घालायचा असतो.

रस्त्याचा कायदा जुना आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ बांधावरून वाट देतं. २०२५ मध्ये शेतरस्ते ३ ते ४ मीटर रुंद करून त्यांची सातबाऱ्यावर नोंद घेण्याचा शासन निर्णयही निघाला. पण अर्ज तहसीलदाराकडेच द्यावा लागतो, उपग्रहाकडे नाही.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच पांदण्या साऱ्यासाठी काढलेल्या जुन्या गावनकाशावर आखलेल्या आहेत. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा नकाशा मोबाईलवर उघडा, शेजारी उपग्रहाचा फोटो ठेवा. नकाशात वाट असेल आणि फोटोत तिथे पीक दिसत असेल, तर गावात आधी बोलायचं ते तिथूनच.