लांडग्याच्या तावडीतून मुलीला सोडवलं कोणी?

परीकथा स्त्रीवादी नजरेने नव्याने लिहिली की ‘मूळ कथेची मोडतोड केली’ अशी ओरड होते. पण लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत मूळ म्हणायचं कशाला? शार्ल पेरोने ती १६९७ मध्ये पॅरिसमध्ये छापली. त्यात लांडगा मुलीला गिळतो, सुटका होत नाही, आणि शेवटी गोडबोल्या पुरुषांपासून जपून राहा असा मुलींना पद्यातला उपदेश येतो. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी शिकारी आणला आणि लांडग्याचं पोट कापून मुलीला व आजीला बाहेर काढलं. त्यांनीच जोडलेला पुढचा प्रसंग मात्र बालपुस्तकांतून बहुधा गळतो. दुसरा लांडगा छपरावर दबा धरून बसतो, तेव्हा आजी नातीला सॉसेज उकडलेलं पाणी दगडी डोणीत ओतायला लावते; वासाने वेडावलेला लांडगा घसरून त्यात बुडून मरतो. तिथे शिकाऱ्याची गरजच पडत नाही.

फ्रान्सच्या निव्हर्ने भागात १८८५ च्या सुमारास टिपलेल्या लोककथेत तर मुलगी एकटीच निसटते. परसाकडे जायचंय, असं ती सांगते. लांडगा तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून बाहेर सोडतो. ती तो दोर आलुबुखाराच्या झाडाला बांधून घर गाठते. ही कथा पेरोनंतर जवळपास दोनशे वर्षांनी कागदावर आली, तेव्हा तीच जुनी कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याने ‘मूळ’वाल्यांचं काही साधत नाही. सांगणाऱ्यागणिक शेवट बदलत होता, एवढं तर उघड आहे. १९७२ मध्ये लिव्हरपूल परिसरातल्या स्त्रियांच्या एका गटाने मुलगी आणि पणजीकडून लांडगा मारवला, तेव्हा त्यांनी हीच रीत पुढे चालवली.

अशा कथा प्रचारकी होतात, हा दुसरा आक्षेप. काही होतातही, नायिकेच्या हाती तलवार दिली की कथा रंगतेच असं नाही. पण उपदेश हा दोष मानायचा, तर पेरोला कसं सोडणार? तिथे तो खटकत नाही, कारण तो सवयीचा झाला आहे. त्यामुळे नव्या कथेला मूळचा दाखला मागण्यात हशील नाही. तिची पारख दोर झाडाला बांधण्यासारखी युक्ती तिला सुचते का, यावर व्हावी.