राजम्याचं प्रथिन, यीस्टची पेशी

मागच्या व्याख्यानात आपण यीस्टच्या पेशीत तयार होणाऱ्या हिपॅटायटिस-बीच्या लशीबद्दल बोललो. १९८६ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. आज त्याच यीस्टमध्ये आपण राजमा घालणार आहोत. म्हणजे राजम्याचं जनुक.

आधी बी म्हणजे काय ते पाहू. मटकी भिजवली की मोड येतात. मुळं अजून खोल गेलेली नसतात, पानं नसतात, मग कोंब वाढतो कशावर? बियांत साठवून ठेवलेल्या प्रथिनांवर. रोपाने पिल्लासाठी भरून ठेवलेली ती कणगीच. आपण डाळ खातो तेव्हा याच कणगीला हात घालतो.

या प्रथिनांची पद्धतशीर वर्गवारी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये थॉमस ऑस्बोर्न यांनी केली. निकष अगदी साधा होता: पाण्यात काय विरघळतं, मिठाच्या पाण्यात काय, अल्कोहोलात काय, सौम्य आम्ल-अल्कलीत काय. पुढे ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्याचं झेइन दिलं. उंदीर खंगले. ट्रिप्टोफॅन दिल्यावर वजन टिकलं. जोडीला लायसीन दिलं तेव्हा कुठे ते वाढू लागले. हे १९१४ चं काम. धान्यात लायसीन कमी, कडधान्यात मेथिओनीन कमी. आपल्याकडचा डाळ-भात ही उणीव परस्पर भरून काढतो. पण ज्याच्या ताटात दोन्ही पडत नाहीत, त्याचं काय? बियांतलं प्रथिनच सुधारता येईल का, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

अडचण अशी की बियांत एक प्रथिन नसतं. एकमेकांसारख्या जनुकांचं अख्खं कुटुंब असतं, आणि त्यांची प्रथिनं इतकी सारखी की वेगळी काढणं कठीण. यीस्ट इथे कामाला आलं. १९७८ मध्ये यीस्टमध्ये बाहेरचा डीएनए घालण्याची रीत जमली. १९८३ मध्ये राजम्याच्या फॅसिओलिन या प्रथिनाच्या जनुकाचा पूर्ण क्रम वाचला गेला. आणि १९८५ मध्ये क्रेमर, ली आणि स्लायटम यांनी फॅसिओलिन यीस्टमध्ये बनवून दाखवलं. एक जनुक, एक प्रथिन! पाठोपाठ मक्याचं झेइन, गव्हाचं ग्लायाडिन, वाटाण्याचं व्हिसिलिन, सोयाबीनचं ग्लायसिनिन यांचेही प्रयोग झाले.

निष्पन्न काय झालं? प्रथिनाच्या टोकाला पत्ता लिहिल्यासारखा एक तुकडा असतो. राजम्याचा हा पत्ता यीस्टला वाचता आला, आणि तो तुकडा कापलाही गेला. वनस्पती आणि यीस्ट यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी ही यंत्रणा दोघांनीही जपलेली आहे.

पुढे मात्र वाटा फुटतात. बियांमधली रिक्तिका हे कोठार असतं. यीस्टची रिक्तिका बरीचशी पचनाची जागा, तिथे प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ग्लायसिनिनसारखी प्रथिनं बियांत एका ठरावीक जागी कापली जातात, मग त्यांची सहा-सहाची रचना होते. कापणारं ते खास विकर यीस्टकडे नाही. शिवाय खर्चाचा हिशेब आहेच. यीस्टला साखर आणि पोलादी टाकी लागते, राजम्याला ऊन-पाऊस-माती. पोट भरण्यासाठी यीस्टमधून राजम्याचं प्रथिन काढणं त्या काळी परवडण्यासारखं नव्हतं.

मग हा खटाटोप वाया गेला का? आपल्याला तसं वाटत नाही. १९८८ मध्ये फॅसिओलिनमध्ये मेथिओनीन वाढवून ते जनुक तंबाखूच्या रोपात घातलं गेलं. प्रथिन बनलं, पण बियांतच मोडून गेलं. म्हणजे अमिनो आम्लांची यादी सुधारली की काम झालं, असं नाही. घडी नीट बसली पाहिजे आणि कोठाराने ते प्रथिन ठेवून घेतलं पाहिजे. आज टाक्यांमधून दुधाची, अंड्याची प्रथिनं काढण्याच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हाच: जनुक नेलं, पण घडी घालणारं घर सोबत नेलं का?

पुढच्या वेळी आपण इथूनच गव्हाच्या ग्लुटेनकडे वळू.