यकृताच्या प्रवासाचे तास

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये टॉमस स्टार्झल यांनी माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. रुग्ण लहान मूल होतं. रक्तस्राव थांबला नाही आणि ते टेबलावरच दगावलं. यश यायला १९६७ उजाडलं. तरीही एक अडचण उरलीच होती. दात्याच्या शरीरातून काढलेलं यकृत दुसऱ्याच्या शरीरात बसेपर्यंत टिकवायचं कसं?

त्या वेळी उपाय एकच होता, थंडी. यकृतातलं रक्त गार द्रावणाने धुऊन काढायचं आणि ते बर्फात ठेवायचं. चार अंशांच्या आसपास पेशीची ऊर्जेची गरज जवळपास दहाव्या हिश्शावर येते. पण त्याच थंडीने पेशीच्या आवरणातले सोडियम-पोटॅशियमचे पंप मंदावतात, पाणी आत शिरतं आणि पेशी सुजते. म्हणून १९६९ मध्ये जेफ्री कॉलिन्स यांनी पेशीच्या आतल्या क्षारांशी मिळतंजुळतं, पोटॅशियम जास्त असलेलं द्रावण तयार केलं. मूत्रपिंडांना त्याचा मोठा लाभ झाला. यकृताला मात्र सहा-आठ तासांपलीकडे धीर धरवेना. म्हणून शस्त्रक्रिया मध्यरात्री सुरू व्हायच्या आणि दूरच्या गावातलं दान घेताच येत नसे.

ही कोंडी विस्कॉन्सिन विद्यापीठात फुटली. फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे पेशीत सहजासहजी न शिरणारे मोठे रेणू वापरून सूज रोखली. जोडीला ग्लुटाथायोन, अ‍ॅलोप्युरिनॉल आणि अ‍ॅडेनोसिन घातलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे द्रावण रुग्णांसाठी वापरात आलं आणि यकृत बारा तास, कधी त्याहूनही जास्त, टिकू लागलं. प्रत्यारोपण हे नियोजन करून करता येणारं काम झालं.

तोवर संशोधकांना आणखी एक गोष्ट उमगली होती. खरा घाव बर्फात नव्हे, रक्त परत येताना बसतो. प्राणवायूविना राहिलेल्या पेशीत सक्सिनेट साचतं. प्राणवायू मिळताच ते झपाट्याने जळतं आणि मायटोकाँड्रियामधून विघातक ऑक्सिजन-रेणूंचा लोंढा सुटतो. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं अस्तर सोलवटतं. पित्तनलिकांचं नुकसान तर काही महिन्यांनी, त्या आकसू लागल्या की कळतं. चरबी साठलेलं किंवा हृदय थांबल्यानंतर मिळालेलं यकृत हा मार तितकासा सोसू शकत नाही.

उत्तर एका जुन्या कल्पनेत सापडलं. अ‍ॅलेक्सिस कॅरेल आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३५ मध्येच शरीराबाहेर अवयव जगवणारा पंप जाहीर केला होता. ऑक्सफर्डच्या पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टँटिन कुसिओस यांनी यकृताला शरीराच्याच तापमानाला रक्त पुरवणारं यंत्र घडवलं. २०१३ मध्ये लंडनमध्ये ते प्रथम रुग्णासाठी वापरलं गेलं. २०१८ च्या युरोपीय चाचणीत यकृताची इजा निम्म्यावर आली, नाकारली जाणारी यकृतंही निम्मी झाली. यंत्रावरचं यकृत पित्त स्रवतं, आम्ल निवारतं. म्हणजे ते कामाचं आहे की नाही, हे बसवण्याआधीच पाहता येतं. दुसरी वाट थंड, पण प्राणवायूयुक्त द्रावण फिरवण्याची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत त्यामुळे पित्तनलिका आकसण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. २०२१ मध्ये झ्यूरिखला तर इतरांनी नाकारलेलं यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून यशस्वीपणे बसवलं गेलं.

आपल्याकडे बहुतेक यकृतं जिवंत नातेवाइकांकडून मिळतात, त्यामुळे थंडीतला काळ अल्प असतो. मेंदूमृत दात्याचं यकृत मात्र ग्रीन कॉरिडॉरने पुण्याहून मुंबईला धावतं, तेव्हा त्यासाठी पोलीस रस्ते मोकळे करतात. दुःखाच्या घडीला एखाद्या कुटुंबाने दिलेलं ते दान केवळ शंकेपोटी नाकारलं जाणं परवडणारं नाही. यंत्र महाग आहे हे खरं. मग प्रत्येक रुग्णालयाने ते घेण्याऐवजी विभागातल्या रुग्णालयांनी मिळून घ्यावं, आणि त्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा.