लोकरी मावा आणि जिल्ह्याची हद्द

परकी कीड मुलखात शिरली की तिला पुढची वाट कोण दाखवतं? २००२ सालचा जुलै घ्या. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ अ‍ॅशची झाडं वाळत होती. त्या महिन्यात कारण सापडलं: आशियातून, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला हिरवा भुंगा. आणि त्याच जुलैत आपल्या सांगली जिल्ह्यात उसाच्या पानाखाली पांढरी लोकर दिसली.

लोकरी मावा देशाला नवा नव्हता. बंगालात, ईशान्येत तो आधीपासून होता, आपल्याकडे नवा. पानाखाली बसून रस शोषतो, त्याच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढते. मादी नराशिवायच पिल्लं घालते, म्हणजे चार पानांवरचा मावा बघता बघता फडभर.

सल्ला सरळ होता: लागलेल्या फडातलं बेणं, पाला, वाडं हलवू नका. पण बेणं पाहुण्या-रावळ्यांकडून येतं, वाडं वैरणीला जातं. वाळवा सांगलीत, कराड साताऱ्यात, ही हद्द कागदावरची. कृष्णाकाठचा ऊस एकच. शिवाय पंख फुटलेला मावा वाऱ्यावर जातो, त्याला कोण अडवणार? काही महिन्यांत तो कर्नाटकात पोचला. तिकडेही जळाऊ लाकूड फिरत राहिलं, त्याबरोबर भुंगाही. २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आपली बंदी उठवली.

फवारणी? दहा-बारा फूट उभ्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरून बघा एकदा! आणि औषधाने मरायचे ते माव्याचे शत्रूही. कारण शत्रू फडात होते: डिफा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा छोटा कीटक, दोघेही मावा खाणारे. मग उलटंच काम सुरू झालं. ज्या पानांच्या ने-आणीला बंदी, तीच पानं, डिफाच्या अळ्या असलेली, कापून दुसऱ्या लागलेल्या फडात टाचायची. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे ईशान्येतून एन्कार्सिया ही माव्यात अंडी घालणारी बारीक माशीही आणली गेली.

भुंग्यावरही २००७ पासून चीनमधल्या परजीवी माश्या सोडल्यात. पण अ‍ॅश मरतो काही वर्षांत आणि वाढायला एक पिढी लागते. आपला ऊस दरसाल तुटतो, खोडवा पुन्हा फुटतो. शत्रूंना जम बसवायला तेवढी सवड मिळाली. मावा मात्र गेलेला नाही. ढगाळ, दमट हवेत तो अजून दिसतो.